चेंडूकडे बघायचंच नसतं: अलाबामाच्या बचावाचं नक्की काय बिघडलं होतं

अमेरिकेत टस्कलूसाला एमएस करणाऱ्या, मूळच्या कराडच्या एका मुलानं प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: "काका, २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी अलाबामा विद्यापीठात आलो. ऑक्टोबरात आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून ४०-३५ असा हरला. लॅबमधले मित्र अजून त्या मॅचचं सुतक पाळतात. बचाव आळशी होता, कोऑर्डिनेटरला, म्हणजे बचावाच्या प्रशिक्षकाला, हाकलायला हवं होतं, हे त्यांचं रोजचं पालुपद. २०२५ च्या पहिल्याच मॅचला फ्लोरिडा स्टेटनं पुन्हा तसंच केलं. मला नियम कळतात, पण बचाव बिघडला म्हणजे नक्की काय बिघडतं ते टीव्हीवर दिसत नाही. आणि कोऑर्डिनेटर बदलून ते सुधारतं का?"

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुझं तू ठरव. मी अटलांटाच्या बाहेर एका हायस्कूलच्या संघात सोळा वर्षं लाइनबॅकरांना (बचावाच्या मधल्या फळीतली पोरं) शिकवतोय. पोटापाण्याचं काम वेगळं. हे संध्याकाळचं आणि शुक्रवारच्या रात्रीचं. त्याआधी सांगलीत कॉलेजकडून कबड्डी खेळलो, उजवा कोपरा. अमेरिकन फुटबॉल मला कबड्डीच्या वाटेनंच कळला, त्यामुळे उदाहरणं तिकडची येणार. तू कराडचा आहेस, चालवून घेशील.

'आळशी' हा शब्द पहिल्यांदा बाजूला ठेव. ५ ऑक्टोबर २०२४ च्या त्या मॅचची फिल्म मी तीनदा पाहिली आहे. कुचराई करणारा पोरगा मला एकही दिसला नाही. उलट सगळे जरा जास्तच पळत होते, आणि बऱ्याचदा नको तिकडे.

आता आकडे. ते ४० विसर. त्यातलं एक टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेणं) तर बचावाच्या खात्यातलंच नाही. अलाबामाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा) जेलन मिल्रो याचा पास व्हँडरबिल्टच्या रँडन फाँटनेटनं मधल्यामध्ये पकडला आणि २९ यार्ड पळत जाऊन थेट टचडाउन केलं. त्या वेळी अलाबामाचा बचाव बाकावर बसून पाणी पीत होता. मी बघतो ते आकडे दोनच. तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, व्हँडरबिल्टनं १८ पैकी १२ वेळा हवं ते मिळवलं. आणि साठ मिनिटांच्या मॅचमध्ये चेंडू त्यांच्याकडे ४२ मिनिटं ८ सेकंद राहिला. अलाबामाच्या आक्रमणाला उरली जेमतेम अठरा मिनिटं.

कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' होते, चढाईपटूला गुण घेऊनच यावं लागतं. तिसरा डाउन म्हणजे साधारण तीच चढाई. दहा यार्ड जायला चार प्रयत्न, त्यातला चौथा बहुतेक वेळा पंट मारण्यात (चेंडू लांब लाथाडून देण्यात) जातो, म्हणून खरा फैसला तिसऱ्याला. तिथं समोरच्याला अडवायचं आणि बाहेर जाऊन बसायचं, एवढंच बचावाचं काम. चांगले संघ दहापैकी सहा वेळा तरी अडवतात. अठरातल्या बारा वेळा तुम्ही अडवू शकला नाहीत, तर तुम्ही कितीही जोरात टॅकल करा (धरून पाडा), संध्याकाळभर मैदानातच उभे राहणार. ४२ मिनिटांचा आकडा हा वेगळा आजार नाही, तिसऱ्या डाउनचाच परिणाम आहे. शिवाय २०२३ पासून कॉलेजच्या नियमात पहिला डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अपवाद सोडला तर. त्यामुळे जो चेंडू धरून बसतो, त्याला पूर्वीपेक्षा जास्त मिनिटं खाता येतात. व्हँडरबिल्टनं ती अगदी निवांत खाल्ली. चाळीस सेकंदांचं प्ले क्लॉक (दोन चालींमधलं घड्याळ) संपत आलं की मग स्नॅप, म्हणजे चाल सुरू. फलंदाजीतला शेवटचा गडी ग्लोव्ह बदलून घेतो तसं.

मग तिसऱ्या डाउनला नेमकं होत काय होतं?

व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया. उंचीनं बेताचा, न्यू मेक्सिको स्टेटमधून आलेला. त्याच्याबरोबर तिथले आक्रमणाचे सूत्रधारही आले: टिम बेक कोऑर्डिनेटर म्हणून आणि जेरी किल सल्लागार म्हणून. २०२३ मध्ये याच मंडळींनी न्यू मेक्सिको स्टेटला घेऊन ऑबर्नला त्यांच्याच मैदानावर ३१-१० असं हरवलं होतं. म्हणजे अलाबामा राज्यातल्या लोकांना ही चाल नवी नव्हती, फक्त शेजाऱ्याच्या घरात पाहिलेली होती.

ही चाल म्हणजे ऑप्शन. क्वार्टरबॅक स्नॅप घेतो, शेजारी रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) उभा. आक्रमणाची फळी बचावातल्या टोकाच्या एका माणसाला मुद्दाम अडवत नाही, मोकळा सोडते. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो आणि त्या मोकळ्या माणसाकडे बघतो. तो आत घुसला तर चेंडू ओढून घ्यायचा आणि आपण बाहेरून पळायचं. तो जागेवर थांबला तर चेंडू देऊन टाकायचा. पुढे आणखी एक माणूस बाजूनं पळत असतो. कोणी क्वार्टरबॅकवर आलं की चेंडू त्याच्याकडे. आजकाल या तिसऱ्या जागी पुष्कळदा छोटा पास असतो.

कबड्डीत याला आपण हूल म्हणतो. चढाईपटू कोपऱ्याला पाय दाखवतो. कोपरा घोट्यासाठी वाकला की त्याचा हात शेजारच्या कव्हरच्या छातीला लागलेला असतो. आमचे मास्तर सांगायचे, त्याच्या पायाकडे बघाल तर पाय मिळणार नाही. कमरेकडे बघा, कंबर हूल देत नाही. सोळा वर्षं मी अमेरिकन पोरांना तेच सांगतोय, फक्त इंग्रजीत.

लाइनबॅकरला त्याच्या समोरचा गार्ड (आक्रमणाच्या फळीतला एक जण) नेमून दिलेला असतो. स्नॅप झाला की नजर गार्डवर. गार्ड पुढे आला तर धाव आहे, पुढे सरक. मागे बसला तर पास आहे, मागे हो. बाजूला वळून पळाला तर त्याच्या मागोमाग जा, चेंडू तिकडेच जाणार. हे नीट केलं तर चेंडू कुठे आहे ते न बघताही तू चेंडूपाशी पोचतोस. व्हँडरबिल्टसारखे संघ या नजरेवरच घाला घालतात. स्नॅपच्या आधी दोघे जागा बदलतात, एक जण आडवा धावत सुटतो, टाइट एंड (फळीच्या टोकाचा, अडवणारा आणि पासही झेलणारा) इकडून तिकडे येऊन उभा राहतो. यातलं निम्मं निव्वळ देखावा असतं, पण तो बघण्यात बचावाचं एक पाऊल जातं.

कॉलेजच्या नियमांनी त्यात भर घातली आहे, आणि हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. पुढे टाकायचा पास असला तरी कॉलेजमध्ये आक्रमणाची फळी तीन यार्ड पुढे जाऊ शकते. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, एकच यार्ड. म्हणजे गार्ड तीन यार्ड पुढे येऊन तुझ्या लाइनबॅकरला शपथेवर 'धाव आहे' असं सांगतो, आणि क्वार्टरबॅक त्याच्या डोक्यावरून पास टाकतो. लाइनबॅकरनं सगळं बरोबर केलं आणि तरी तो चुकला. हॅश मार्कचंही (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, चाल त्यांच्या मधूनच सुरू होते) तसंच. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमध्ये ४० फूट अंतर असतं, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा. चेंडू एका हॅशवर ठेवला की दुसऱ्या बाजूला एवढं मोठं रान मोकळं पडतं की ऑप्शनवाल्याला आंदणच. रविवारी एनएफएल बघून शनिवारच्या पोरांना 'साधं टॅकल जमत नाही' म्हणणाऱ्यांनी हे दोन नियम जरा आठवावेत.

आता त्या मॅचमधल्या दोन जागा बघ. एली स्टोवर्स हा व्हँडरबिल्टचा टाइट एंड. हा आधी क्वार्टरबॅक होता, नंतर टाइट एंड झाला, त्यामुळे बचाव कुठे फसतो ते त्याला आतून ठाऊक. त्या दिवशी ६ झेल, ११३ यार्ड. ऑप्शनच्या भीतीनं लाइनबॅकर अर्धं पाऊल पुढे टाकत होते, आणि तो त्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहत होता. दुसरी जागा चौथ्या डाउनची. फक्त एक यार्ड हवा होता. एका यार्डासाठी सगळा बचाव पुढे दाटला, आणि पावियानं ज्युनियर शेरिलला ३६ यार्डांचा टचडाउन पास टाकला. पावियाचे त्या दिवशी २० पैकी १६ पास लागले, २५२ यार्ड. हा काही तोफखाना नव्हे. लोक जिथून नुकतेच निघून गेलेत, तिथं चेंडू ठेवणं, एवढंच.

इथं माझीच एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला एका ऑप्शन खेळणाऱ्या संघानं असंच धुतलं. पाच टचडाउन. माझा मधला लाइनबॅकर हा जिल्ह्यातला सगळ्यात जोरकस टॅकल करणारा पोरगा, आणि त्या रात्री त्याच्या शेजारून लोक वाऱ्यासारखे जात होते. शनिवारी सकाळी मी घरी फिल्म लावली. माझ्याकडे शंभर पानी वही असते, भारतातून येताना आणलेली. पानावर तीन रकाने आखतो: नजर, पाय, हात. प्रत्येक चाल थांबवून बघायची आणि चूक जिथं सुरू झाली त्या रकान्यात एक रेघ. हात म्हणजे टॅकल सुटलं. पाय म्हणजे रस्ता चुकीचा घेतला. नजर म्हणजे बघायला नको तिकडे बघितलं. मैदानावर मला वाटलं होतं की आमचे हात सुटले. दुपारी बारापर्यंत वहीत दिसलं ते भलतंच: निम्म्याहून जास्त रेघा नजरेच्या रकान्यात. टॅकल सुटताना दिसतं ते हातातून, पण त्याच्या दोन सेकंद आधी डोळे गेलेले असतात. डोळे गेले की पाय उशिरा निघतात, पाय उशिरा निघाले की माणूस लांबून झेप घेतो, आणि लांबून घेतलेली झेप कमरेऐवजी हवेत जाते.

रविवारी त्या पोराला दाखवलं. स्क्रीनवर समोरचा एक जण आडवा धावतोय, आणि आमच्या वाघाचे खांदे त्याच्याबरोबर वळतायत. दोन पावलं. तेवढ्यात मधून दार उघडलं.

"कोच, मला वाटलं चेंडू त्याच्याकडे गेला."

"चेंडू कुठे आहे हे तुला विचारलं होतं का कोणी?"

तो गप्प. मीही गप्प, कारण खरं सांगायचं तर आठवडाभर सरावात मी स्वतःच 'बॉल, बॉल' म्हणून ओरडत होतो.

सोमवारी आम्ही चेंडूच काढून टाकला. नुसता ऑप्शन चालवायचा, सराव संघातला क्वार्टरबॅक रिकाम्या हातांनी नाटक करणार, आणि आमच्या प्रत्येकानं आपल्याला नेमून दिलेला माणूस पाडायचा. रनिंग बॅक ज्याचा आहे त्यानं रनिंग बॅक, क्वार्टरबॅक ज्याचा आहे त्यानं क्वार्टरबॅक, तिसऱ्यावर तिसरा. चेंडू कोणाकडे आहे हा प्रश्नच नाही, कारण चेंडू नाही. ही माझी युक्ती नव्हे. ऑप्शनविरुद्ध तयारी करणारे प्रशिक्षक पूर्वीपासून हेच करतात. पहिली दहा मिनिटं पोरं वैतागली. रिकाम्या हाताच्या माणसाला पाडायचं म्हणजे त्यांना खोटं वाटत होतं. विसाव्या मिनिटाला खांदे वळायचे थांबले.

आता परत अलाबामाकडे. माझा लाइनबॅकर सतरा वर्षांचा होता, आणि त्यांच्याकडे तर देशातली निवडक पोरं. त्यांची नजर का जावी? याला तीन कारणं दिसतात, आणि तिन्ही त्या शनिवारच्या आधीची आहेत.

निक सेबन १७ हंगाम अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक होते, तिथं सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. कॅलेन डिबोअर वॉशिंग्टनहून आले, आणि त्यांनी बचावासाठी केन वोमॅकला आणलं. दोघांनी २०१९ मध्ये इंडियानाला एकत्र काम केलं होतं, डिबोअर आक्रमणाकडे आणि वोमॅक बचावाकडे. वोमॅकचा साचा ४-२-५: पुढे चार, मध्ये दोन लाइनबॅकर, मागे पाच. पाचवा जो आहे त्याला ते 'हस्की' म्हणतात, अर्धा सेफ्टी (सगळ्यात मागचा राखणदार) अर्धा लाइनबॅकर. साचा उत्तम आहे. पण साचा बदलला की भाषा बदलते. सेबनकडे तीन वर्षं एक शब्द ऐकून डावीकडे सरकलेल्या पोराला आता वेगळ्या शब्दावर सरकायचं असतं. सरकतो तो, फक्त क्षणभर विचार करून. ऑप्शनला तो क्षणच हवा असतो.

दुसरं, मागची फळी जवळजवळ सगळी गेली होती. टेरियन अर्नोल्ड आणि कूलएड मॅकिन्स्ट्री हे मागच्या फळीच्या कडेचे दोन्ही कॉर्नर एनएफएलमध्ये, सेफ्टी केलेब डाउन्स ट्रान्सफर घेऊन ओहायो स्टेटला. त्यांच्या जागी काही दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले आणि काही पहिल्या वर्षाची पोरं, त्यात झेबियन ब्राउनसारखी गुणी. गुणवत्तेत कमी नव्हती. पण मागची फळी एकमेकांशी बोलून चालते. आडवा धावणारा माणूस माझ्या बाजूनं तुझ्या बाजूला गेला की मी ओरडायचं आणि तू घ्यायचं. कबड्डीत साखळीतल्या दोघांचे हात धरलेले असतात म्हणून बरं, एकाला ओढ बसली की दुसऱ्याला कळतं. इथं फक्त आवाज. २०२४ पासून हेल्मेटमध्ये स्पीकर आला, पण बचावातल्या एकाच माणसाच्या, ज्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो त्याच्या. आणि प्ले क्लॉकवर पंधरा सेकंद उरले की तोही बंद. व्हँडरबिल्ट जागा बदलायला सुरुवात करायचं ते बहुतेक त्यानंतर. म्हणजे कोचचा आवाज गेला, आता पोरांनीच एकमेकांना सांगायचं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं गेलं. कॅलेंडर. अलाबामाला जॉर्जियाच्या मॅचआधी सुट्टीचा आठवडा होता. ती मॅच २८ सप्टेंबरला झाली: २८-० अशी आघाडी, मग जॉर्जियानं सगळं पुसून ३४-३३ केलं, मग अलाबामाच्या रायन विल्यम्सचं ७५ यार्डांचं टचडाउन, आणि शेवटी झेबियन ब्राउननं एंड झोनमध्ये पास हिसकावून ४१-३४ वर शिक्कामोर्तब केलं. अख्ख्या देशानं ती पाहिली. त्याच शनिवारी व्हँडरबिल्टला सुट्टी होती. त्यांनी दोन आठवडे अलाबामाची तयारी केली. अलाबामाला मिळाले पाच-सहा दिवस, तेही असा सामना खेळून आल्यावर. कॉलेजच्या खेळाडूंना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, त्यात बैठका, फिल्म, व्यायाम, सगळं आलं. जॉर्जिया ऑप्शन खेळत नाही. दोन आठवडे पोरांची नजर एका सवयीची केलेली, आणि आता तीन सरावांत ती मोडून दुसरी लावायची. ज्या संघाला नुकतंच जॉर्जिया स्टेटनं हरवलंय, त्याच्यासाठी उन्हात चेंडूविना सराव करायला किती पोरं मनापासून तयार होतील? मला माझी पोरं माहीत आहेत. आणि जॉर्जियाच्या त्या मॅचमध्येच उत्तरार्धात बचाव कोसळला होता, पण जिंकल्यामुळे ती फिल्म कोणी हारलेल्या डोळ्यांनी पाहिली नसणार.

थकव्याचंही सांगतो, कारण तुझे मित्र ज्याला आळस म्हणतात तो बहुधा हाच. आक्रमणानं खेळाडू बदलले तरच पंचांनी बचावाला बदलायला वेळ द्यायचा असतो. आक्रमण तेच अकरा ठेवून खेळत राहिलं तर तुमचा पुढच्या फळीतला धापा टाकणारा माणूस तिथंच अडकतो. थकलेला माणूस पहिल्यांदा गुडघे वाकवणं सोडतो. कंबर वर आली की टॅकल छातीला लागतं, आणि समोरचा दोन यार्ड फरफटत पुढे जातो. तिसऱ्या डाउनला हवे असतात ते हेच दोन यार्ड.

त्यातला विनोद असा की अलाबामाच्या आक्रमणानं बचावाचा घात केला, तो चांगलं खेळून. विल्यम्स आणि मिल्रो दोन-तीन चालींत टचडाउन करायचे. प्रेक्षक खूश. बचावाचा माणूस बाकावर बसतो, हेल्मेट काढतो, बाटली तोंडाला लावतो, आणि स्पीकरवर टचडाउनची घोषणा. चला परत. अठरा मिनिटांत ३५ गुण करणारं आक्रमण असलं की बचावाला ४२ मिनिटं उभं राहावं लागणारच. चौथ्या क्वार्टरमध्ये मिल्रोच्या हातून चेंडू सुटला, तेव्हाही तसंच, पुन्हा आत. ४०-३५ झाल्यावर घड्याळात पावणेतीन मिनिटं होती. अलाबामाला चेंडू परत मिळालाच नाही. माझ्या दृष्टीनं त्या मॅचचं सगळं दुखणं त्या पावणेतीन मिनिटांत दिसतं: सगळ्यांना ठाऊक होतं की पाविया स्वतः पळणार, आणि तरी तो पुरेसा पळाला.

मग नॅशव्हिलच्या, म्हणजे व्हँडरबिल्टच्या गावच्या, लोकांनी गोलपोस्ट उपटून, शहरातून मिरवत नेऊन कंबरलँड नदीत टाकला. १९८४ नंतर अलाबामाला पहिल्यांदा हरवलं होतं त्यांनी, आणि पहिल्या पाचांतल्या संघाला तर इतिहासात पहिल्यांदा. गणपती विसर्जनाची सवय असलेल्या आपल्याला ते बघून घरच्यासारखं वाटलं, हे अलाबामाच्या मित्रांना सांगू नकोस.

आता कोऑर्डिनेटर. हाकलावं का?

पुढचे निकाल बघ. दक्षिण कॅरोलायनाविरुद्ध २७-२५, कसंबसं. टेनेसीकडून १७-२४ हार. तोवर 'हाकला' हाच गजर होता. मग मिझूरीविरुद्ध ३४-०. एकही गुण दिला नाही. मग बॅटन रूजला जाऊन एलएसयूला ४२-१३. हाच कोऑर्डिनेटर, हीच पोरं. सगळे म्हणाले, सुधारला. मग नोव्हेंबरात ऑक्लाहोमानं २४-३ असं हरवलं आणि प्लेऑफची दारं बंद झाली. त्या मॅचमध्ये ऑक्लाहोमानं पास जवळजवळ टाकलेच नाहीत. क्वार्टरबॅक जॅक्सन अर्नोल्ड धावला आणि धावतच राहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा स्टेटनं ३१-१७ हरवलं, तिथंही क्वार्टरबॅक टॉमी कॅस्टेलानोस, पायांनी खेळणारा.

हे निकाल हारजीत म्हणून वाचू नकोस, समोरचा क्वार्टरबॅक कोण होता ते बघत वाच. मिझूरीकडे त्या दिवशी धड पळू शकणारा कोणी नव्हता. ब्रेडी कुक दुखापतीनं बाहेर गेला. एलएसयूचा गॅरेट नुसमायर पॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या फळीच्या आडोशाला, उभा राहून पास टाकणारा. अशा लोकांना या बचावानं चिरडलं. पाविया, अर्नोल्ड, कॅस्टेलानोस, जो जो पळतो त्यानं त्रास दिला. याला 'बचाव खराब' म्हणत नाहीत. या बचावाला एक ठरावीक दुखणं आहे, आणि ते सगळ्या परिषदेच्या, म्हणजे अलाबामाच्या गटातल्या प्रत्येक संघाच्या, फिल्म रूममध्ये लिहून ठेवलेलं आहे. कोऑर्डिनेटर बदलला असता तर पुन्हा नवी भाषा, पुन्हा क्षणभर विचार. पहिलं कारण परत पहिल्या पानावर. माझं मत स्पष्ट आहे: वोमॅकला ठेवलं ते बरोबर केलं. त्याचा एक दोष मात्र खरा: ऑप्शनची तयारी ही ऑप्शनवाला समोर आला की करायची गोष्ट नाही, दर आठवड्याला दहा मिनिटं करायची गोष्ट आहे. ऑगस्टपासून. ती होत असावी असं २०२४ च्या फिल्मवरून वाटत नव्हतं.

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस योगायोग असा झाला की अलाबामानं पुन्हा जॉर्जियाला हरवलं, २४-२१, आणि पुढच्याच शनिवारी पुन्हा व्हँडरबिल्ट, पुन्हा पाविया. या वेळी टस्कलूसाला. तू असशील स्टेडियममध्ये. सुरुवातीलाच व्हँडरबिल्टचा सेड्रिक अलेक्झांडर ६५ यार्ड पळत सुटला आणि मी घरी कपाळाला हात लावला. पण त्यानंतर बघण्यासारखं होतं. आडवा धावणारा धावायचा आणि मधल्या दोघांचे खांदे वळायचे नाहीत. पावियावर नेमलेला माणूस चेंडू कुठेही असो, पावियावरच जायचा, दर वेळी त्याला एक धक्का. उत्तरार्धात व्हँडरबिल्टला एकही गुण मिळाला नाही. ३०-१४.

टीव्हीवर दिसत नाही, हे तुझं बरोबर आहे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, म्हणजे बचावानं जे करायचं नसतं तेच तो तुला करायला लावतो. आम्ही फिल्म दोन बाजूंनी घेतो, एक बाजूच्या उंचावरून आणि एक गोलपोस्टच्या मागून. तुला विद्यार्थ्यांचं तिकीट मिळतं ना? ब्रायंट-डेनीत लाखभर माणसं बसतात आणि सगळ्यांना पन्नास यार्डांची रेघ हवी असते. तू एंड झोनमागे शक्य तितक्या वर जाऊन बस. तिसरा डाउन आला, चार-पाच यार्ड हवेत, की फोन खिशात टाक आणि अलाबामाच्या मधल्या दोन लाइनबॅकरांपैकी एकावरच डोळे ठेव. स्नॅपनंतर त्याचं पहिलं पाऊल पुढे पडलं, मागे पडलं की बाजूला, एवढंच बघ. आक्रमणानं काय केलं ते शेजारचे ओरडून सांगतीलच. एक क्वार्टर असं कर. दुसऱ्या क्वार्टरला हस्कीवर ये, तो जास्त अवघड आहे, सारखा जागा बदलतो.

वहीत रेघा मारायच्या असतील तर पेन्सिल ने. अलाबामात सप्टेंबरच्या दुपारी पेन घामानं पसरतं.